व्याह्याची उलटतपासणी

मामंजींना मी वाईट माणूस म्हणणार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मला त्यांचा राग येणार आहे, आणि राग आला की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. आमच्या मुळशी खोऱ्यात रस्त्याकडेला पत्र्याचे भाग दाबून काढायचा एक कारखाना निघाला होता. त्याच्या फाटकावर ते वॉचमन होते, आणि त्याच कारखान्यात आत, प्रेसवर, माझे वडील होते. माझी सोयरीक जमली तीसुद्धा त्या फाटकातच, दोघं तंबाखू मळत उभे असताना.

कारखान्याला जमिनी गेल्या तेव्हा घरटी एक नोकरी, अशी बोली झाली होती. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, रस्त्यालगतची सगळी खाचरं गेली. ओढ्याच्या अंगाची तेवढी राहिली. त्याच्या बदल्यात ते प्रेसवर लागले आणि लवकरच परमनंट झाले. मामंजींची जमीन थोडीच गेली होती, म्हणून त्यांना टेंपरवारी ठेवलेलं. आज करतो, उद्या करतो म्हणत साहेब लोक त्यांना झुलवत होते. त्या झुलण्यानं माणसाचं काय होतं, हे मी घरात रोज बघत होते. फाटकातून कुणाची गाडी आत गेली, साहेब हसला की नाही हसला, यावर आमच्या घरची भाकरी गोड की कडू ते ठरायचं.

वयानं आबा मोठे. पण मुलीची बाजू पडती, हे आबांच्या हाडात भिनलेलं. मला मूल होईपर्यंत त्यांनी माझ्या सासरी पाण्याचा थेंब घेतला नाही. नंतरही मामंजी उभे असले तर आबा बसायचे नाहीत. मला लहानपणापासून ताठ मानेचा बाप माहीत होता. गावच्या पाटलालाही “का म्हणून?” असं विचारणारा. त्याच बापाला माझ्यामुळं वाकताना बघायचं म्हणजे जिवावर यायचं. मी एकदा म्हटलंही, “आबा, एवढं कशाला?” तर म्हणाले, “तुला न्हाई कळायचं. पोर दिली की बाप अर्धाच ऱ्हातो.”

आता इर्जिकीचं सांगते. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, आमच्याकडं मजूर लावत नव्हते. गाव पाळीपाळीनं एकेकाच्या खाचरात उतरायचं, औतं आणि बायामाणसं मिळून चिखलणी-लावणी एका दिवसात उरकायची, त्याला इर्जिक म्हणतात. मजुरी नाही. घरधन्यानं सगळ्यात पुढचं आऊत धरायचं आणि काम संपल्यावर सगळ्यांना आपल्या हातानं वाढायचं, एवढाच त्याचा मोबदला. पण तेवढं व्हायलाच हवं. घरधनी हजर नसला तर लोक तो अपमान समजायचे. बोलायचे काही नाहीत, बैल सोडून घरी जायचे, आणि पुन्हा त्याच्या बांधावर कुणी पाय ठेवायचं नाही. मला भाऊ नाही. आबांच्या जागी उभं राहील असं घरात कुणी नव्हतं.

त्या वर्षी आमची पाळी लागली तसा आबांनी रजेचा अर्ज दिला. कामगार अधिकारी पुण्याहून स्कूटरवर यायचा, तरणाच होता. त्यानं अर्ज नीट वाचला आणि म्हणाला, “आवणीला सगळेच रजा मागतात. मग प्रेस मी चालवू का? दिवाळीत घ्या.” त्याचंही खोटं नव्हतं म्हणा. अर्धा कारखाना भातवाल्यांचा होता. पण रोपं काही दिवाळीपर्यंत थांबत नाहीत, आणि इर्जिक तर मुळीच नाही. आबांचं इकडं आड, तिकडं विहीर झालं.

त्या दिवशी मी मूल घेऊन माहेरी आवणीला आले होते. रजा नाही म्हणून आबा पहाटेच कामावर गेलेले. माझे मालक पुण्यात गॅरेजमध्ये, शनिवारचे घरी यायचे. सकाळी औतं आली. बैल खाचरात उभे, माणसं इरली डोक्यावर घेऊन बांधावर बसलेली. आई चहावर चहा करत होती आणि रस्त्याकडं बघत होती. म्हाताऱ्यांपैकी एकानं बैलाचं जू सैल करायला घेतलं. तेवढ्यात आबा आले. कारखान्याच्या निळ्या कपड्यात, बांधावरून पळत, आणि तोंडभर हसत! घरात धोतर नेसता नेसता आईला आणि मला म्हणाले, “आगं, पाव्हण्यांनी सोडलं मला. म्हणलं, जावा, इर्जिक मोडू नका, मी बघतो हितलं. सोताच्या हातानं फाटक उघडलं माणसानं.”

मला सासरचा असा अभिमान त्या आधी कधी वाटला नव्हता, आणि नंतरही कधी वाटला नाही. दिवसभर मी गुडघाभर चिखलात उभी राहून बायांना सांगत होते की आमचे मामंजी म्हणजे लाख माणूस. बाया चेष्टा करत होत्या, “बघा बाई, सासऱ्याचं कौतुक करणारी सून आमच्या गावाला गावली!” संध्याकाळी आबांनी सगळ्यांना वाढलं. आवणी उरकली.

तिकडं कारखान्यात प्रेस बंद राहिला, कुठला तरी माल वेळेत गेला नाही आणि साहेबाला वरून बोलणी बसली. नुसतं न सांगता गेला एवढंच असतं, तर आबांना थोडे दिवस घरी बसवलं असतं आणि विषय मिटला असता. पण आरोपपत्र आलं त्यात लिहिलं होतं, यांनी वॉचमनला ढकललं, धक्काबुक्की केली आणि जबरदस्तीनं फाटक उघडून गेले. त्याला शिक्षा एकच, बडतर्फी. ज्या नोकरीसाठी जमीन गेली ती नोकरीच जाणार.

मला हे सासूबाईंनी सांगितलं. आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. तांदूळ निवडत, वर न बघता सांगितलं. “साहेब म्हणला, एक तर त्येनं ढकललं म्हण, न्हाई तर तू सोडलंस म्हण. सोडलंस म्हणलास तर तू बी घरी. आता काय करावं माणसानं? आपलं बी पोट हाय, पोरी.” मी सुपातल्या तांदळाकडं बघत राहिले. रागाच्या आधी लाज आली मला. आदल्या आठवड्यात ज्या बायांपुढं मी तोंड वर करून मिरवले होते, त्यांची तोंडं डोळ्यांपुढं आली.

मामंजींना विचारायची सोय नव्हती. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. ते आले की मी पदर पुढं ओढून ताट ठेवायचे. त्या दिवसांत ते जेवले की लगेच उठायचे. पाण्याचा तांब्याही स्वतःच भरून घ्यायचे, मला मागायला नको म्हणून.

मी माहेरी गेले तेव्हा युनियनचा माणूस आबांना पढवत बसला होता. तोही कारखान्यातलाच, लेथवरचा. चौकशीत आबांच्या बाजूनं बसायची परवानगी त्याला होती. तो सांगत होता, “कंपनीजवळ साक्षीदार एकच हाय, तुमचं व्याही. त्यांची साक्ष झाली की तुमाला उलटतपासणीचा हक्क हाय. कायद्यानं दिलेला. बाकी काय बोलू नका. फकस्त एक इचारा, फाटक कुणी उघडलं? माणूस भला हाय, तोंडावर खोटं न्हाई बोलायचा. झालं, धक्काबुक्की खलास. बोला, इचारणार नव्हं?”

आबा बिडी ओढत होते. म्हणाले, “बघू.”

“बघू न्हाई! व्हय म्हना!”

“बघू म्हणलं नव्हं.”

आई आत चुलीपाशी रडत होती. मी आबांना म्हटलं, “तुम्हाला विचारायचं नसेल तर मी येते साक्षीला. मी ऐकलंय की तुमच्या तोंडून.” आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काही अचकट बोलले. म्हणाले, “तू सासऱ्याच्या इरोधात उभी ऱ्हाणार? आन मग रातच्याला कुणाच्या चुलीम्होरं बसणार?” मी उठून आत आईपाशी गेले. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

चौकशी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ठेवली होती. कॅन्टीनला भिंती अर्ध्याच, वर जाळी. चौकशी अधिकारी म्हणून पुण्याचा एक वकील आला होता. अशा चौकशीला वकील लोक घरगुती चौकशी म्हणतात, हे मला तिथंच कळलं. अहो, घरगुतीच की! बाप एका बाकावर, सासरा दुसऱ्या बाकावर. मी मामंजींचा डबा द्यायचं निमित्त करून गेले होते आणि मूल काखेला घेऊन जाळीबाहेर उभी राहिले.

मामंजी बोलले. आवाज इतका बारीक की वकिलानं दोनदा “मोठ्यानं बोला” म्हटलं. व्हय, ढकललं. व्हय, छातीला हात लावला. व्हय, फाटक त्येंनीच उघडलं. सगळं खाली बघून. कामगार अधिकारी शेजारी पेन्सिल फिरवत बसला होता. मग वकील आबांकडं वळला. तो काही कंपनीचा मिंधा वाटला नाही मला. सरळ म्हणाला, “साक्षीदाराला काही विचारायचं आहे का? तुमचा हक्क आहे. नीट विचार करून सांगा.”

आबा उठून उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, “साहेब, ते माझं व्याही हायेत. माझी पोर त्यांच्या घरात हाय. त्यांना मी उलट कसं इचारू?”

“व्याही असोत की कुणी. इथं ते साक्षीदार आहेत.”

“तुमच्यासाठी असतील.”

युनियनवाला उठला, “मी इचारतो साहेब,” म्हणाला. आबांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं. “तुझ्या तोंडून आला तरी सवाल माझाच की रं.” वकील लिहायला लागला की उलटतपासणी घेतली नाही. पेन कागदावर टेकलेलं मला दिसलं आणि माझा तोल गेला. मी जाळीला तोंड लावून ओरडले, “फाटक यांनीच उघडलं! मामंजी, सांगा की! जावा म्हणाला नव्हता का तुम्ही?”

सगळे वळले. पदर कुठल्या कुठं गेला होता. मूल रडायला लागलं. वकील म्हणाला, “ह्या कोण?” कामगार अधिकारी म्हणाला, “बाहेरच्या आहेत, यांचं काही घेता येणार नाही.” आणि मामंजी! मामंजींनी पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता बोलतील. देवाशप्पथ, अजूनही वाटतं की ते बोलणार होते.

पण त्या आधी आबा बोलले. बाक ओलांडून मामंजींच्या पुढं गेले आणि हात जोडले. “पाव्हणं, पोटात घाला. पोर अडाणी हाय. तिचं मनावर घिऊ नका, घरी तिला काय बोलू नका. चुकी माझी हाय, माझी.” वाकून, अगदी वाकून. ज्यानं खोटी साक्ष दिली त्याच्यापुढं माझा बाप, माझ्या जिभेपायी.

कामगार अधिकाऱ्याची पेन्सिल थांबली. तो वकिलाला म्हणाला, “साहेब, हे लिहून घ्या. चूक माझी आहे म्हणून साक्षीदाराची माफी मागितली.” युनियनवाला तडतडला, “ती माफी येगळी हाय! ती पोरीची हाय!” वकिलानं पेन खाली ठेवलं, आबांना विचारलं, “कशाबद्दल माफी मागितलीत?” आता तरी सांगायचं ना? पण सांगायचं म्हणजे माझी पोर खरं बोलली, की खोटं बोलली, हे सांगायला लागलं असतं. खरं म्हणावं तर व्याही खोटे पडतात. खोटं म्हणावं तर पोर. आबा म्हणाले, “समद्याबद्दल.” ते लिहिलं गेलं.

मी बोलले ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी मी नव्हे. पण ते जोडलेले हात आठवले की अंगावर काटा येतो, आणि असं वाटतं की तिथल्या तिथं मला कुणी तरी झाकून टाकावं.

घरी जाताना मामंजी पुढं आणि मी मागं, अशी चाललो. एरवी ते मला सायकलच्या मागं बसवून आणायचे, आज सायकल हातात धरून चालत होते. ओढ्यापाशी ते थांबले. मागं न बघता म्हणाले, “त्येंनी इचारलं असतं ना, तर मी खोटं बोललो नसतो.”

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी सरळ बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. “मग न विचारता बोलायला काय तोंडाला कुलूप होतं?”

ते सायकल ओढत ओढ्यात उतरले. आत्याबाईंना त्यांनी माझं काही सांगितलं नाही, त्या घरात मला त्यावरून कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. मालक शनिवारी आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, “मी कुणाच्या बाजूनं बोलू ते तूच सांग.” मला त्यांचीही कीव आली.

आबा बडतर्फ झाले. युनियनवाला पुन्हा पुन्हा यायचा. पुण्याला कामगार न्यायालयात जाऊ, ही चौकशी टिकणार नाही, मी लिहून देतो, म्हणायचा. आबा विचारायचे, “तितं पाव्हण्यांना याया लागंल का?” तो म्हणायचा, “याया तर लागंल. त्यांच्यावरच समदं हाय.” आबा म्हणायचे, “मग ऱ्हाऊ दे.” शेवटी तो चिडला. म्हणाला, “तुमच्यासारख्यांसाठी कायदा करून काय फायदा हो?” आणि चहा न घेता गेला. कायद्यानं हक्क दिला होता, पण तो वापरायचा तर पोरीच्या सासऱ्याला खोटं पाडायला हवं होतं. बरं, मी सांगितलं होतं, “आबा, माझी काळजी करू नका, मला काढलं तर मी माहेरी येईन, दोघं मिळून आवणी करू.” त्यावर आई माझ्या अंगावर धावून आली होती.

मामंजी परमनंट झाले. नवा खाकी ड्रेस मिळाला, टोपीला बिल्ला. घरी पेढे आले. आत्याबाईंनी एक पुडी बाजूला काढली आणि म्हणाल्या, “माहेरी नेऊन दे.” त्यांच्या मनात काही नव्हतं, रीत म्हणून म्हणाल्या. मी ती पुडी नेली नाही. वाटेत ओढ्याच्या पाण्यात सोडून दिली आणि परत येऊन सांगितलं की दिले, गोड लागले.

आबांनी ओढ्याकडच्या खाचरांवर दिवस काढले. तेवढ्यात भागत नव्हतं. आईला दम्याचा त्रास सुरू झाला होता. मग कारखान्यानं माल उचलायचं, पत्रे वाहायचं काम ठेकेदाराला दिलं. ठेकेदार रोज सकाळी फाटकाबाहेर माणसं निवडायचा. नाव-गाव विचारत नसे, दंड बघायचा. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. नको असलं तर “उद्या येऊ नको” एवढंच. आबा त्याच्या माणसांत उभे राहिले. ज्या प्रेसवर त्यांनी वर्षं काढली, त्याच प्रेसला पत्रे नेऊन घालायला लागले. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, आबा रस्त्याच्या कामाला जातात.

एका दुपारी मी मामंजींचा डबा घेऊन गेले. पहिली पाळी सुटत होती. परमनंट माणसं एका बाजूनं गप्पा मारत बाहेर पडली, त्यांना कुणी अडवलं नाही. दुसऱ्या बाजूला ठेकेदाराच्या माणसांची रांग होती. त्यांची झडती घ्यायची, असा नियम होता. आत केबिनच्या दारात कामगार अधिकारी उभा होता.

रांगेत आबा होते.

मी फाटकासमोरच्या पिंपळाच्या बुंध्याआड सरकायच्या आत त्यांनी मला बघितलं. मामंजींचे हात पुढच्या माणसाच्या खिशातून निघाले आणि तिथंच थांबले. रांग पुढं सरकली. आबा त्यांच्यासमोर आले. मामंजी हात उचलेनात. बिल्ल्याच्या टोपीखाली त्यांचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. केबिनमधून आवाज आला, “काय झालं तिथं?”

आबांनी आपणहून दोन्ही हात वर केले. हळू आवाजात म्हणाले, “घ्या पाव्हणं, झडती. न्हाई तर तुमालाच बोलणी बसतील.”

मामंजींनी माझ्या बापाच्या सदऱ्यात हात घातला. आधी एका खिशात, मग दुसऱ्या. कमरेला चाचपलं. आबा हात वर धरून उभे होते आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होते. मला म्हणाले, “उभी काय ऱ्हायलीस, पोरी? डबा दे की त्यास्नी. निवंल.”

मी पुढं झाले आणि डबा दिला.